स्तन काढावा की राखावा?

'सगळा काढा, म्हणजे काळजी मिटेल,' असं स्तनाच्या कर्करोगाबाबत घरोघरी म्हटलं जातं. मी चाळलेला पुरावा वेगळं सांगतो. इटलीत मिलान इथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३मध्ये सुरू केलेल्या चाचणीत लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रिया होत्या. निम्म्यांचा स्तन काढला; उरलेल्यांचा फक्त गाठीकडचा भाग काढून किरणोपचार दिले. वीस वर्षांनी जगण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. मात्र त्याच जागी रोग उलटला तो स्तन राखलेल्या ३० जणींना, काढलेल्या ८ जणींना.

म्हणून डॉक्टर दोन्ही पर्याय शक्य म्हणत असतील, तर उलटण्याची धास्ती, किरणोपचारांसाठी आठवडेच्या आठवडे खेपा आणि स्तन गमावणं, यांतलं काय पेलवेल हे तिलाच विचारावं. आकडे आधी तिच्यापुढे ठेवावेत, नवऱ्यापुढे नंतर.