नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे

जून उजाडला की पुण्यात विद्यार्थी, नवे नोकरदार, बदलीवर आलेली कुटुंबं घरं शोधत फिरू लागतात. एजंट घर दाखवतो, डिपॉझिट ठरतं, स्टॅम्प पेपरवर नोटरीचा गोल शिक्का बसतो. ‘अकरा महिन्यांचाच तर करार, नोंदणी कशाला?’ असं एजंट म्हणतो आणि दोन्ही बाजू मान डोलावतात. महाराष्ट्रात हे साफ चूक आहे.

१९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिन्यांची प्रथा पडली. पण ३१ मार्च २०००पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ने ही पळवाट बुजवली. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा. जबाबदारी घरमालकाची. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य. घरमालकाला खरा फटका बसतो तो इथे.

घरमालकांची धास्तीही खोटी नाही. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने चाळींमधली भाडी गोठली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर राहत असलेल्या लायसन्सधारकांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ‘घर दिलं की गेलं’ ही भीती तिथून घट्ट झाली. आजच्या कायद्याचं कलम २४ मात्र मालकाच्या बाजूचं आहे: राहण्यासाठी लायसन्सवर दिलेलं घर मुदतीनंतर सुटलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, दुप्पट दराने भरपाईही मिळू शकते.

आणि खर्च? महिना पंधरा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट, अकरा महिने असा हिशेब धरा. पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क सव्वाचारशेच्या आसपास, शहरी भागात नोंदणी फी एक हजार. आधार आणि बोटांच्या ठशांवर हे काम घरबसल्या होतं. एवढ्यासाठी कुणी कायदा का मोडावा?

भाडेकरूंनी करारातलं डिपॉझिटचं कलम दोनदा वाचावं. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली हजारो रुपये कापले जातात, कारण कपात कशाची आणि परतावा किती दिवसांत, हे लिहिलेलंच नसतं. ते लिहून घ्या, आणि नोंदवलेल्या कराराची प्रत मिळाल्याशिवाय पूर्ण डिपॉझिट देऊ नका.