हस्तधार्य खेळयंत्राचे पुनरुज्जीवन

२०११ साली निन्टेंडो या जपानी कंपनीने ‘थ्री-डीएस’ हे हातात धरून खेळण्याचे यंत्र बाजारात आणले आणि सहा महिन्यांच्या आतच त्याची किंमत २५ हजार येनांवरून १५ हजारांवर उतरवणे तिला भाग पडले, तेव्हा स्मार्टफोनने या जातीच्या यंत्रांचा कायमचा निकाल लावला, असे जाणत्यांनाही वाटू लागले. परंतु मार्च २०१७ मध्ये दाखल झालेल्या ‘स्विच’ने, ज्याची टेग्रा चिप वस्तुतः टॅब्लेटच्याच कुळातली होती, १५ कोटींहून अधिक विक्री करून तो समज खोडून काढला.

याचा खुलासा वेगापेक्षा रचनेत अधिक सापडतो. काचेवर टेकलेले बोट दृश्यच झाकते, आणि कळ दाबली गेल्याची साक्ष स्पर्शाला मिळत नाही. उलट खऱ्या कळांवर अंगठे न पाहताच स्थिरावतात व नजर खेळावर खिळून राहते. शिवाय बहुतेक फोनांत पंखा नसल्यामुळे चिप तापली की तिची गती उतरवावी लागते. स्विचमध्ये, तसेच २०२२ च्या ‘स्टीम डेक’मध्ये, उष्णता बाहेर टाकण्याची तजवीज छोट्या पंख्याने केली आहे. मला मात्र सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की येथे कार्यालयाचा निरोप वा कुणाचा दूरध्वनी मध्येच येऊन खेळणाऱ्याच्या तल्लीनतेचा भंग करीत नाही.