अण्णांचे अर्धे वाक्य

आमच्या बारामतीच्या घरात दिवाळीची साफसफाई म्हणजे माळ्यावरचा एकेक डबा खाली यायचा आणि त्यातला प्रत्येक जिन्नस 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणत पुन्हा वर जायचा! गेल्या वर्षी मात्र एक वस्तू वर गेली नाही. पिवळट पडलेल्या कागदी पाकिटात एक डीव्हीडी होती आणि पाकिटावर अण्णांच्या अक्षरात लिहिले होते : 'इंदापूर, रिंगण, २००६.'

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन आठ वर्षे झाली. फोटो भिंतीवर आहे. आवाज मात्र घरात कुठेच नव्हता. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी या वाटेने इंदापूरला जाते. त्या वर्षी अण्णा इंदापूरला ताईकडे होते आणि मेहुण्यांनी रिंगणाचे चित्रण केले होते. आईची पंचाहत्तरी तोंडावर आलेली. मनात आले, यातली पाच मिनिटे कापून-जोडून तिला दाखवावी.

पण आमच्या नव्या लॅपटॉपला तबकडी घालायला जागाच नाही! बाहेरून जोडायचा ड्राइव्ह विकत आणला. आत पाहतो तो काय, व्हीओबी नावाच्या चार-पाच फायली. पहिली मोठी फाईल उघडली. टाळमृदंगाचा गजर, पताका आणि शेवटी शेवटी अण्णांचा आवाज : "हे बघ, देवाचा अश्व निघाला की आपण एकच—"

आणि संपले! पडदा काळा.

माझा जीव घाबरा झाला. घरी लिहिलेल्या तबकडीत माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरावर लेसरने उमटवलेली असते. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर बिघडतो. आणि आमच्या माळ्यावर तर उन्हाळाभर पत्रा तापतो! मुकाट्याने तबकडी उचलली आणि इंदापूरची एसटी धरली. ताईचा मुलगा या विषयातला जाणकार.

त्याने तबकडी लावून पाहिली आणि हसून म्हणाला, "मामा, आजोबांचं वाक्य कुठं गेलेलं नाही. ते पुढच्या फायलीत आहे!"

डीव्हीडीवर चित्रण सुमारे एकेका गिगाबाइटच्या तुकड्यांत ठेवतात. बोलणाऱ्याचे वाक्य पुरे झाले की नाही, याची यंत्राला काय पर्वा! नेहमीच्या तबकडीत ४.७ गिगाबाइट मावतात. प्लेअर सगळे तुकडे सलग दाखवतो, म्हणून टीव्हीवर आपल्याला जोड कळत नाही.

"मग फायलीचं नाव बदलून एमपी४ करू या की!" मी म्हणालो.

"मामा, डब्यावर साखरेची चिठ्ठी लावली म्हणून आतलं मीठ गोड होतं का?"

त्याने काम तीन पायऱ्यांत केले. आधी सबंध तबकडीची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे आयएसओ फाईल, संगणकावर उतरवली आणि तबकडी पाकिटात ठेवून दिली. मग 'मेकएमकेव्ही'ने सगळे तुकडे एका एमकेव्ही फायलीत आणले. चार बरण्यांतले लोणचे एका बरणीत भरावे तसे, चव तीच.

तिसरी पायरी संकलनासाठी. डीव्हीडीचे चित्रण एमपीईजी-२ पद्धतीने दाबलेले असते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे; पण त्यांतले पूर्ण चित्र साधारण १२ ते १५ चित्रांमागे एकच. बाकीच्यांत शेजारच्या चित्रांहून काय बदलले, तेवढेच टिपलेले. म्हणून भलतीकडे कात्री लावली की चित्र फुटते. भाच्याने 'एफएफएमपेग' वापरून, ज्यात प्रत्येक चित्र पूर्ण असते अशी प्रोरेस फाईल केली. ती कितीतरी पट फुगली. पण आता कात्री हवी तिथे चालू लागली.

तेवढ्यात अश्व धावू लागला आणि त्याच्या पायांना चक्क कंगव्याचे दात फुटले! जुन्या टीव्हीसाठी प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत टिपलेले असते आणि धावणारी वस्तू त्या दोन अर्ध्यांच्या मध्ये पुढे सरकलेली असते. 'डीइंटरलेस' केल्यावर दात गेले. चित्र मात्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचेच राहिले. फाईल मोठी झाली म्हणून नसलेला तपशील येत नाही.

पाच मिनिटांचा तुकडा शेवटी लहानशा एमपी४ फायलीत बसवला. पंचाहत्तरीच्या दिवशी आईने अण्णांचे वाक्य पुरे ऐकले : "आपण एकच पाऊल मागं घ्यायचं. धावणाऱ्याला जागा द्यावी लागते."

आई डोळे पुसत म्हणाली, "स्वतः मात्र जन्मात कधी मागं सरले नाहीत!" आणि लगेच, "पुन्हा लाव बरं."

आता मूळ नकलेची एक प्रत बारामतीला आहे, एक इंदापूरला. वाचकहो, या दिवाळीत तुमच्याही माळ्यावरून एखादे पाकीट खाली आले, तर 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून ते पुन्हा वर टाकू नका.