मालाडच्या लहरी आणि मंगळाची स्वारी

मालाड पश्चिमेहून मार्वे रोडने मालवणीकडे निघालं की आकाशवाणीचं प्रक्षेपण केंद्र लागतं. स्टुडिओ चर्चगेटला, मनोरे इथे. ५५८ किलोहर्ट्झवरची 'अस्मिता' आणि १०४४ वरची 'संवादिता' या वाहिन्या इथूनच हवेत सोडल्या जात.

परग्रहवासीयांच्या गोष्टींत एक ठरलेला योगायोग असतो. आपले रेडिओ कार्यक्रम अंतराळात गळतात, कुणीतरी भांडखोर जमात ते ऐकते आणि वास काढत पृथ्वीवर येऊन धडकते. मालाडवर तो आळ घेता येणार नाही. मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात शोषल्या जातात आणि रात्री त्याहून वरच्या थरांवर आपटून परत जमिनीकडे येतात. म्हणूनच रात्री लांबलांबची स्टेशनं लागतात. एफएमच्या लहरी मात्र हा थर भेदून सरळ बाहेर पडतात. म्हणजे मंगळाने मुंबई ऐकलीच असेल, तर बहुधा एफएमवरची जाहिरात ऐकली असेल!

अशा स्वारीची सर्वांत गाजलेली श्रुतिका ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री अमेरिकेत सीबीएसवरून झाली. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या कादंबरीचं हे रूपांतर हॉवर्ड कोच यांनी लिहिलं होतं. दिग्दर्शन ऑर्सन वेल्स यांचं, तेव्हा वय अवघं तेवीस. युक्ती अशी की नाटक नाटकासारखं सुरूच होत नाही. हॉटेलातला वाद्यवृंद वाजतोय. मध्येच निवेदक थांबवतो आणि मंगळावर स्फोट दिसल्याची बातमी देतो. पुन्हा संगीत, पुन्हा बातमी. मग न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल या खेड्यात काहीतरी पडतं आणि वार्ताहर तिथे पोचतो.

तो वार्ताहर झालेले फ्रँक रीडिक यांनी तयारीसाठी हिंडेनबर्ग दुर्घटनेचं ध्वनिमुद्रण ऐकलं होतं. मे १९३७ मध्ये हिंडेनबर्ग ही वायुनौका पेटताना हर्बर्ट मॉरिसन या निवेदकाचा आवाज रडवेला झाला होता. रीडिकने तो कापरा सूर उचलला. मंगळावरून येऊन पडलेल्या नळकांड्याचं झाकण उघडतानाचा घुमणारा आवाज शौचालयात बरणीचं झाकण फिरवून काढला, असं सांगतात. मग किरणांचा मारा होतो, वार्ताहराचं वाक्य अर्ध्यावर तुटतं आणि काही सेकंद रेडिओवरून काहीच येत नाही. तंबूभर सैन्य दाखवूनही जे साधलं नसतं, ते या रिकाम्या सेकंदांनी साधलं. रंगमंचावरच्या राक्षसाला कुणीतरी मुखवटा करून द्यावा लागतो, रेडिओवरच्याचा मुखवटा ऐकणारा स्वतःच घडवतो.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी देशभर हलकल्लोळ माजल्याचं छापलं. त्यात अतिशयोक्ती बरीच होती. त्या रात्रीच्या एका फोन पाहणीत जेमतेम दोन टक्के लोक हा कार्यक्रम ऐकत असल्याचं आढळलं होतं, कारण समोर एनबीसीवर एडगर बर्गनचा लोकप्रिय बोलक्या बाहुलीचा कार्यक्रम होता. घाबरले ते खरेच घाबरले, पण गाव सोडून पळणारा अख्खा देश ही वर्तमानपत्रांची कमाई. जाहिराती पळवणाऱ्या रेडिओला बेजबाबदार ठरवायची संधी कोण सोडेल?

इक्वेडोरची राजधानी कीटो इथलं प्रकरण मात्र फुगवलेलं नव्हतं. १२ फेब्रुवारी १९४९ ला रेडिओ कीटोने हीच स्वारी स्थानिक गावांची नावं घालून सादर केली. लोक रस्त्यावर आले. हे नाटक आहे असं सांगितल्यावर भीतीचा संताप झाला आणि जमावाने 'एल कोमेर्सियो' या वर्तमानपत्राची इमारत पेटवली. रेडिओ केंद्र त्याच इमारतीत होतं. माणसं मेली, आणि मारणारा मंगळावरचा नव्हता.

ही गोष्ट दूरदेशची म्हणून सोडून देता येत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या बाजारात, मुलं पळवणारी टोळी आली या व्हॉट्सॲपवरच्या अफवेपायी पाच जणांना ठेचून मारण्यात आलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. परका दिसला, इशारा ओळखीच्या माणसाकडून आला होता, तेवढं पुरलं. ऑर्सन वेल्सच्या श्रुतिकेला निदान सुरुवातीला 'हे रूपांतर आहे' अशी घोषणा होती.

मुंबई आकाशवाणीवरचा विश्वास वेगळ्या जातीचा होता. 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालेतले बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी ही माणसं शेजारी राहात असावीत असं श्रोत्यांना वाटे. मराठीत मंगळाची स्वारी रंगवायची तर सैन्याच्या वार्तापत्रापेक्षा अशाच घरात ती शिरली पाहिजे. भावजींनी चहाचा कप खाली ठेवून 'अहो वहिनी, गच्चीवर काय पडलंय?' असं विचारलं असतं, तर ते बातमीपेक्षा जास्त लागलं असतं.

आपल्या विज्ञानकथेला मुळात तोफांची फारशी ओढ नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' पाठवली आणि बक्षीस मिळवलं. आद्याक्षरं उलटी वाचा, मूळ नाव सापडतं. पुढे त्यांच्या 'प्रेषित' कादंबरीत परग्रहावरून सैन्य येत नाही, एक मूल येतं. हा फरक निव्वळ स्वभावाचा नसावा. एच. जी. वेल्स यांनी कादंबरीच्या सुरुवातीलाच मंगळवासीयांच्या क्रौर्याला दाखला दिला तो टास्मानियात युरोपियनांनी केलेल्या संहाराचा. जहाजातून तोफा घेऊन उतरणारा परका आपल्याकडे दीडशे वर्षं राज्य करून गेला. त्याची श्रुतिका करायला मंगळापर्यंत जायची गरज नव्हती.

मंगळाचा आवाज मराठी मुलुखात खरोखर आला, तो १९ ऑक्टोबर २०१६ रोजी. नारायणगावजवळच्या खोडद इथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. मंगळाच्या वातावरणात शिरलेल्या युरोपच्या शियापारेली यानाचा क्षीण सूर तिने थेट टिपला. उतरण्याच्या थोडं आधी सूर तुटला आणि यान आदळल्याचं नंतर कळलं. इथे हल्लेखोर आपणच होतो, तेही निःशस्त्र आणि धडपडे.

एच. जी. वेल्सच्या मंगळवासीयांना शेवटी पृथ्वीवरचे जंतू मारतात. नारळीकरांना उलट प्रश्न पडला होता: जंतूच वरून येत असतील तर? इस्रोच्या मदतीने हैदराबादहून फुगे सोडून त्यांच्या चमूने २००१ आणि २००५ मध्ये ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली. दुसऱ्या खेपेच्या नमुन्यांची तपासणी हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत झाली आणि २००९ मध्ये जिवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव मिळालं, दुसरीला इस्रोचं, तिसरीला आर्यभटाचं. अतिनील किरणांपुढे त्या पृथ्वीवरच्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा चिवट निघाल्या. त्या बाहेरून आल्याचं यातून सिद्ध होत नाही, मात्र काम पुढे चालू ठेवायला हुरूप येतो, असं इस्रोने तेव्हा म्हटलं.