जुन्या मोटारीची मंद चाल आणि अडखळता वेग

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी मोटार मुंबईत टॅक्सी म्हणून धावण्याचे ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबले; टॅक्सीसाठी ठरलेली २० वर्षांची वयोमर्यादा तेव्हा पुरी झाली. तथापि मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथील जुन्या वसाहतींत खासगी मालकीच्या पद्मिनी आजही जिव्हाळ्याने जपलेल्या दिसतात. अशा गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. प्रदूषण तपासणीत धुरातील कार्बन मोनॉक्साइड इंजिन मंद चालीवर ठेवूनच मोजतात व भारत स्टेज-२ पूर्वीच्या मोटारींना त्याची मर्यादा ३ टक्के आहे. म्हणजे मंद चाल बिघडली की सिग्नलला गाडी बंद पडण्याचा मनस्ताप तर होतोच, शिवाय प्रमाणपत्रही अडते.

पद्मिनीचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन कार्ब्युरेटरवर चालते. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण येथे कोणतेही संगणकयंत्र जुळवत नाही. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १५ भाग हवा हे प्रमाण बारीक छिद्रांच्या जेटवरून ठरते. मंद चालीसाठी जेट वेगळे, वेगासाठी वेगळे; आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबला असता जादा पेट्रोलची चिळकांडी सोडणारा एक छोटा पंप असतो. यामुळेच दोषाचे स्थान ओळखणे फारसे अवघड नाही. गाडी उभी असता बंद पडते, पण वेगात सुरळीत धावते, तर मंद चालीचे जेट तुंबले आहे किंवा कोठून तरी जादा हवा आत शिरते आहे. उलट उभी असता ठीक, परंतु पाय दाबताच गचके देऊन अडखळते, तर प्रथम त्या पंपाचा पडदा पाहावा. इंजिन बंद करून, हवेच्या गाळणीचे झाकण काढून ॲक्सिलरेटरची दांडी हलवावी; आत पेट्रोलची धार दिसली पाहिजे. (जवळपास विडी-काडी पेटती नसावी, हे सांगणे नलगे.)

याआधी मात्र ठिणगीची बाजू तपासून घ्यावी, कारण कार्ब्युरेटरच्या माथी मारलेले निम्मे दोष वस्तुतः तेथले असतात. पॉइंट जळालेले, त्यांच्यातील अंतर वाढलेले, प्लग काळवंडलेले, आणि पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली साचलेला दमटपणा! पॉइंटमधील अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा.

अंधेरीच्या एका निवृत्त शिक्षकांच्या गाडीला नवा कार्ब्युरेटरच बसवावा लागेल, असे एका कारागिराने सांगितले होते. दुसऱ्याने इंजिन गरम असताना चोक किंचित ओढून पाहिला. चाल लगेच सुधारली. अर्थात मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. कार्ब्युरेटरच्या बुडाशी असलेले गॅस्केट चिरले होते. ते बदलताच काम भागले. चोक ओढल्यावर चाल अधिकच बिघडली असती, तर उलट पेट्रोल जास्त होत आहे, फ्लोटची सुई गळते आहे किंवा हवेची गाळणी धुळीने माखली आहे, असा निष्कर्ष निघाला असता.

अलीकडे यात आणखी एका कारणाची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये प्राणवायूचा अंश असल्याने जुन्या जेटमधून जाणारे मिश्रण थोडे पातळ पडते, आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे त्याने लवकर खराब होतात. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये. नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत.

या सर्वांनंतरच स्क्रूला हात लावावा. पुष्कळदा दोष झाकण्यासाठी वेगाचा स्क्रू तेवढा आवळून चाल वाढवली जाते. गाडी बंद पडत नाही, पण पेट्रोल वाया जाते व मूळ दोष तसाच राहतो. योग्य क्रम असा की, इंजिन पुरते तापल्यावर मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवून चाल सर्वांत गुळगुळीत होईल तेथे थांबावे, मग वेगाचा स्क्रू सैल करून चाल उतरवावी आणि लगोलग प्रदूषण तपासणी केंद्रात जाऊन आकडा पाहावा. तो मर्यादेच्या वर असल्यास मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा आत घेऊन पुन्हा मोजावा.