बासरच्या रस्त्याकडेला कोणतं झाड लावावं?

वसंत पंचमीला नांदेड-धर्माबादकडची कितीतरी कुटुंबं अक्षराभ्यासासाठी, म्हणजे पहिली अक्षरं गिरवायला, लेकरांना बासरच्या सरस्वती मंदिरात नेतात. गर्दी, धूळ, गाड्यांचा धूर असतोच. शिवाय लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं. म्हणून झाडांचा विचार करताना सावलीबरोबर श्वासाचाही करायला हवा.

पण झाडं लावली की दमा पळाला, इतकं ते सोपं नाही. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना 2008 मध्ये दिसलं, की जिथे रस्त्यावर झाडं जास्त, तिथे चार-पाच वर्षांच्या मुलांत दमा कमी. 2013 च्या त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात मात्र, ज्यांच्या जन्माआधीच्या घराभोवती झाडी दाट होती, त्या मुलांत सातव्या वर्षी दमा आणि परागांची अ‍ॅलर्जी जास्त आढळली!

माझ्या मते निवड महत्त्वाची. वाऱ्यावर पराग उधळणारी झाडं शाळा-अंगणवाडीजवळ नकोत. वड, पिंपळ, उंबर उत्तम. उंबराचं फळ फोडून बघा: बारीक फुलं सगळी आतच असतात आणि त्यांचे पराग इवल्या माश्या नेतात, वारा नाही. कडुनिंबाचंही परागीभवन मुख्यतः कीटकांकडून होतं.

आणि झाडाखालचं गाजर गवत विसरू नका. त्याच्या परागांनी शिंका, धाप, खाज सुरू होते. फुलं यायच्या आधी, पावसाने माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. हे काम मुलांना सांगू नका.