मॅकच्या घरचा पाहुणा

दिवाळी अंकांची पानं लावणाऱ्या माझ्यासारख्याला मॅक कितीही आवडला तरी विंडोज सुटत नाही. अक्षरजुळणीसाठी आम्ही वर्षानुवर्षं वापरलेलं मराठी सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, आणि युनिकोडच्या आधीचे सगळे अंक त्याच्याच फाँटांत अडकलेले आहेत. त्यामुळे मॅकवर विंडोज चालवायची प्रत्येक वाट मी कधी ना कधी तुडवली आहे.

पहिली वाट दुभाष्याची. कनेक्टिक्सचं ‘व्हर्च्युअल पीसी’ १९९७मध्ये आलं, तेव्हा मॅकमध्ये पॉवरपीसी प्रोसेसर असायचा. इंटेलसाठी लिहिलेली प्रत्येक सूचना त्याला समजेल अशी करून द्यावी लागे, म्हणून सगळं संथ. २००३मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. पुढे जी५ प्रोसेसरवर ते चालेचना, कारण बाइट्स उलट्या क्रमाने वाचायची ज्या सोयीवर ते विसंबून होतं, तीच जी५मध्ये नव्हती. २००४च्या सातव्या आवृत्तीने तो प्रश्न सोडवला.

२००६च्या जानेवारीत इंटेलचे मॅक आले आणि दुभाष्याची गरजच संपली. एप्रिलमध्ये ॲपलने मॅक थेट विंडोजमध्ये सुरू करणारं बूट कॅम्प दिलं, जूनमध्ये व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मॅकमधल्याच एका खिडकीत, विंडोज चालवणारं पॅरलल्स आलं, पुढच्या वर्षी तसंच व्हीएमवेअर फ्यूजन. व्हर्च्युअल मशीनमधलं विंडोज थेट प्रोसेसरवर धावू लागलं. आमच्यासाठी तो सुखाचा काळ होता. एका खिडकीत मराठी पान, शेजारच्या खिडकीत मॅकवरची चित्रं. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचीही कटकट नाही.

२०२०च्या नोव्हेंबरमध्ये इंटेलऐवजी ॲपलचा स्वतःचा, एआरएम जातीचा एम१ प्रोसेसर मॅकमध्ये आला. यंत्र विलक्षण वेगवान, पण बूट कॅम्प गेलं. इंटेलसाठीचे मॅक प्रोग्रॅम ॲपलचं रोझेटा २ हे भाषांतराचं सॉफ्टवेअर चालवून घेत होतं. इंटेलच्या व्हर्च्युअल मशीनला मात्र त्यात जागा नव्हती. विंडोजची एआरएम आवृत्ती हाच मार्ग उरला, आणि तिचा परवाना मायक्रोसॉफ्टच्या हाती. त्याच महिन्यात अलेक्झांडर ग्राफ या प्रोग्रॅमरने क्यूईएमयू हे व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर वापरून ती एम१वर चालवून दाखवली. २०२१च्या एप्रिलमध्ये पॅरलल्सही एम१वर आलं. तरी मायक्रोसॉफ्टने पॅरलल्समधल्या विंडोज ११ला अधिकृत मान्यता दिली ती २०२३च्या फेब्रुवारीत. मधली दोन वर्षं मला फार खटकली. छोट्या छापखान्याला परवान्याचे पैसे द्यायचे असतात. ते घ्यायलाच कुणी नसेल तर त्याने काय करावं?

नंतर मात्र दारं भराभर उघडली. २०२४च्या मे महिन्यात फ्यूजन प्रो वैयक्तिक वापरासाठी मोफत झालं, नोव्हेंबरात सगळ्यांसाठी. एआरएम विंडोजची आयएसओ फाइलही त्याच नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने खुली केली.

आता दुभाषी परत आला आहे, पण त्याची जागा बदलली. मॅक आणि विंडोज यांच्यात भाषांतर होत नाही, दोघंही एआरएमच बोलतात. जुने इंटेलचे प्रोग्रॅम विंडोज स्वतःच्या पोटात भाषांतरित करतं, आणि माझ्याकडचे बहुतेक त्यात निमूट चालतात. हा दुभाषी ड्रायव्हरपर्यंत मात्र पोचत नाही. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो, तिथे अस्सल एआरएमच लागतं. आमचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, मागतं, आणि डोंगलचा ड्रायव्हर इंटेलचा. नव्या मॅकवर सॉफ्टवेअर उघडलं, डोंगल सापडलं नाही, खिडकी मिटली. सारा वेग त्या बोटभर प्लास्टिकपाशी थांबला. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं.

म्हणून जुना इंटेल मॅक मी विकलेला नाही. बूट कॅम्पमधून विंडोज १० सुरू करतो, डोंगल लावतो, एकेक अंक उघडून युनिकोडमध्ये काढतो. काम किचकट आहे. जुन्या फाँटात अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: ‘किती’मधली पहिली वेलांटी क च्या आधी, ‘सूर्य’मधला रफार य च्या नंतर. युनिकोडमध्ये हे दोन्ही क्रम उलटतात, आणि रूपांतरात नेमकं तिथेच काहीतरी निसटतं. मग नव्या मॅकवर ते पान लावून छापील अंकाशी ओळ न् ओळ ताडून पाहतो.

इंटेल मॅकला मिळणारी शेवटची मॅकओएस आवृत्ती २६ आहे, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार २०२५च्या ऑक्टोबरात संपला. माझे १९९८ ते २००३चे अंक अजून बाकी आहेत. रोज रात्री जेवण झालं की दोन कथा काढतो.